आ कुठवर वासायचा: सैल सांध्यांच्या माणसाचा जबडा

“जबडा आखडलाय, उघडतच नाही,” असं सांगत पेशंट खुर्चीत बसतो. पट्टी लावून मोजावं तर तोंड उघडतं ५६ मिलिमीटर. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० ते ५५ मिलिमीटर उघडतं, म्हणजे इथे आखडलेलं काहीच नाही. तरी पेशंट खोटं बोलत नसतो. त्याचा सांधा सैल आहे. सांध्याला आवरून धरायचं जे काम अस्थिबंधांनी (हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यांनी) करायचं ते त्यांच्याच्यानं होत नाही, म्हणून ते स्नायूंच्या गळ्यात पडलंय. दिवसभर पहारा देऊन थकलेला स्नायू हाताला कडक लागतो, दुखतो, आणि माणसाला वाटतं जबडा आखडला. मग कुणीतरी सांगतं, रोज मोठा आ करून ताण द्या. पंधरा दिवसांत दुखणं दुप्पट होतं.

आम्ही दोघी, एक दातांची डॉक्टर आणि एक फिजिओथेरपिस्ट, असे पेशंट मिळून बघतो. पहिल्या भेटीपासून साधारण सहा महिन्यांपर्यंत काय काय करावं लागतं आणि गाडी कुठे रुळावरून घसरते, ते इथे लिहीत आहोत.

आधी सांध्याबद्दल थोडं. कानाच्या भोकापुढे बोट ठेवून तोंड उघडा; बोटाखाली जे सरकतं ते खालच्या जबड्याचं टोक. ते कवटीच्या खोबणीत बसतं आणि दोन्ही हाडांच्या मध्ये तंतुमय कूर्चेची एक पातळ चकती असते. पहिले २०-२५ मिलिमीटर उघडताना हे टोक बहुतांशी जागच्या जागी फिरतं. त्यापुढे उघडायचं तर ते खोबणीतून बाहेर येऊन पुढच्या उंचवट्यावरून घसरत जातं. फिरणं आणि घसरणं अशा दोन चाली एकाच सांध्यात आहेत, आणि डावा-उजवा असे दोन सांधे एकाच हाडाला जोडलेले. सैल माणसात घसरण लवकर सुरू होते आणि उशिरा थांबते. टोक उंचवट्याच्या पलीकडे गेलं की परत येताना अडतं. स्वतः हनुवटी हलवून ते मागे घेता आलं तर अर्धवट निखळणं, आणि डॉक्टरच्या हाताशिवाय परतलंच नाही तर पूर्ण निखळणं.

पहिल्या भेटीत “दुखतं का?” यापेक्षा “अडकतं तेव्हा तोंड उघडं असतं की मिटलेलं?” हा प्रश्न जास्त कामाचा. बरेच जण दोन्हीला “दातखीळ बसते” असंच म्हणतात, आणि दोन्हीचे उपचार जवळजवळ उलटे आहेत. तोंड मिटलेलं असताना अडकतं, दोन बोटंही मावत नाहीत, उघडताना हनुवटी दुखऱ्या बाजूला वळते, अशा वेळी चकती पुढे सरकून वाटेत आडवी आल्याची शक्यता मोठी. आ वासलेला राहतो, मिटत नाही, जांभई दिली की किंवा डेंटिस्टकडे तासभर बसलं की होतं, तर सैलपणाकडे बघायचं. आणि हळूहळू, वर्षभरात तोंड कमी उघडायला लागलं, तिखट झोंबतं, गालाच्या आतून दोरीसारखे पट्टे लागतात, तर सुपारी-गुटख्याची चौकशी आधी. तो सांध्याचा आजारच नाही. सुपारीमुळे तोंडातली त्वचा घट्ट होण्याचा, पुढे कर्करोगाकडे जाऊ शकणारा आजार आहे. आपल्याकडे तोंड न उघडण्याचं हे कारण इतकं आढळतं की ते विचारल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही.

आणखी दोन गोष्टी चटकन विचारून घ्याव्यात. जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबलं की थांबतो का? असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे. पन्नाशीपुढच्या माणसाला चावताना जबडा दमतो, कानशिलं ठणकतात, नजरेत काही बदल वाटतो का? असेल तर त्याच दिवशी फिजिशियनकडे, कारण कानशिलाच्या रक्तवाहिनीच्या दाहात दृष्टी जाऊ शकते.

मग मोजमाप. साधी प्लास्टिकची पट्टी चालते, पण शून्याची रेघ कडेपासूनच सुरू झालेली हवी. शाळेच्या पट्टीला पुढे चार-पाच मिलिमीटर कोरे असतात आणि तेवढी चूक होते. वरच्या आणि खालच्या मधल्या दातांच्या कडांमधलं अंतर घ्यायचं. वरचे दात खालच्यांवर जेवढे चढतात तेवढं त्यात मिळवायचं. आकडे दोन घेतो: दुखायला लागण्याआधीचं उघडणं आणि कसंही करून जास्तीत जास्त उघडणं. तिसरा आकडा, म्हणजे डॉक्टरने बोटांनी ताणून मोजायचा, तो प्रमाण तपासणीत आहे, पण सैल सांध्याच्या माणसात आम्ही तो बहुतेकदा सोडतो. त्यातून नवं काही कळत नाही आणि निखळण्याची भीती उगाच. पेशंटला घरी कळावं म्हणून त्याचीच बोटं वापरायची: तर्जनी, मधलं आणि अनामिका उभी एकावर एक ठेवून तोंडात सहज मावली म्हणजे पुरेसं उघडतं. चौथंही मावत असेल तर कौतुक करायचं नाही, वहीत लिहायचं.

उघडताना हनुवटीची वाट बघणं हे त्या आकड्यांपेक्षाही महत्त्वाचं. हनुवटीवर एक टिकली लावतो आणि पेशंटसमोर आरसा धरतो, ज्यावर मार्करने एक उभी रेघ मारलेली असते. टिकली रेघेवरून सरळ उतरली पाहिजे. उघडायच्या सुरुवातीला किंवा मध्यावर ‘कट्’ होऊन वळली आणि परत रेघेवर आली, तर ते बहुधा चकती जागेवर बसल्याचं. अगदी शेवटी, आ पूर्ण झाल्यावर जाड ‘धप्प’ असा धक्का लागला आणि हनुवटी एका बाजूला फेकली गेली, तर ज्या बाजूला गेली तिच्या विरुद्ध बाजूचा सांधा उंचवट्यापलीकडे उडी मारतोय. इथे नवखा माणूस हमखास फसतो, कारण चकतीच्या अडथळ्यात हनुवटी दुखऱ्या बाजूला जाते आणि सैलपणात सैल बाजूपासून लांब जाते.

स्नायू दाबून बघायची पद्धतही ठरलेली आहे. गालावरचा आणि कानशिलावरचा स्नायू साधारण १ किलोच्या दाबाने, सांध्याचं बाहेरचं टोक अर्ध्या किलोने, प्रत्येक ठिकाणी दोन सेकंद. बोटाला किलोचा अंदाज यावा म्हणून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा टेबलावर ठेवायचा आणि तपासणीआधी दोन-तीनदा त्यावर बोट दाबून बघायचं. हे हास्यास्पद दिसतं खरं. पण न शिकवलेलं बोट एका दिवशी पाचशे ग्रॅम दाबतं, दुसऱ्या दिवशी दोन किलो, आणि मग “सुधारणा झाली” म्हणजे नेमकं काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही. दाबल्यावर पेशंटला विचारायचं, “हेच का तुमचं नेहमीचं दुखणं?” दाबलं की थोडंफार कुणालाही दुखतं, ओळखीचं दुखलं तरच ते मोजायचं.

यानंतर बाकीचे सांधे. बायटन यांच्या नावाची नऊ गुणांची चाचणी १९७३ सालापासून वापरात आहे. करंगळी मागे ९० अंशांपलीकडे जाते का, अंगठा मनगटाकडे वळवून हाताला टेकतो का, कोपर सरळ रेषेच्या पुढे १० अंशांहून जास्त मागे वाकतं का, गुडघा तसाच मागे जातो का. या चारांचे डावा-उजवा मिळून आठ. गुडघे ताठ ठेवून दोन्ही तळहात जमिनीला पूर्ण टेकले की नववा. २०१७ सालच्या आंतरराष्ट्रीय निकषांत एलर्स-डॅनलॉस सिंड्रोमच्या (शरीरातल्या जोडऊती जन्मतःच कमकुवत असण्याच्या आजाराच्या) सैल सांध्यांच्या प्रकारासाठी वयात न आलेल्या मुलांना ६, त्यानंतर पन्नाशीपर्यंत ५ आणि पन्नाशीपुढे ४ गुणांची रेषा धरली आहे, पण नुसत्या गुणांवर ते निदान होत नाही. त्वचा, जखमेचे व्रण, हर्निया, घराण्याचा इतिहास असं बरंच बघावं लागतं, आणि या प्रकारासाठी रक्ताची जनुकीय चाचणी अजून उपलब्ध नाही.

या चाचणीत दोन खोट आहेत. एक म्हणजे तिच्यात जबडा नाहीच. नऊपैकी दोन गुण मिळालेल्या माणसाचा जबडा ६० मिलिमीटर उघडू शकतो, आणि नऊच्या नऊ मिळवणाऱ्या मल्लखांबपटूचा जबडा कधी कुरकुरतही नाही. शरीराचा सैलपणा आणि जबड्याचं दुखणं यांचा संबंध किती घट्ट, यावर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. दुसरी खोट वयाची: चाळिशीनंतर सांधे घट्ट होतात, कोपर एकदा मोडलेलं असतं, कंबर धरलेली असते. म्हणून “आता” काय होतं एवढ्यावर न थांबता “लहानपणी” विचारायचं. तळहात जमिनीला टेकायचे का? अंगाच्या घड्या घालून भावंडांना हसवायचात का? खांदा किंवा गुडघ्याची वाटी एकापेक्षा जास्त वेळा सरकली का? आई सोबत आली असेल तर तिला विचारावं. “अगं, ही तर पायाचा अंगठा तोंडात घालून टीव्ही बघायची,” हे उत्तर बऱ्याच तपासण्यांपेक्षा बोलकं असतं. घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल, छातीतली मोठी रक्तवाहिनी फुगली किंवा फाटली असेल, फुप्फुसाभोवती छातीत आपोआप हवा साठली असेल, तर मात्र जबडा बाजूला ठेवून हृदय आणि जनुकांच्या तज्ज्ञांकडे पाठवायचं.

फोटो-स्कॅनबद्दल थोडक्यात. ओपीजीवर (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर) हाडाची ढोबळ कल्पना येते, सीबीसीटीवर (जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनवर) बारकाईने, चकती मात्र एमआरआयवरच दिसते, तीही तोंड मिटून आणि उघडून अशा दोन वेळा काढली तर. पण काहीही त्रास नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले तरी साधारण तीनांतल्या एकाची चकती सरकलेली दिसते. त्यामुळे “डिस्क डिसप्लेसमेंट” असा रिपोर्ट हातात घेऊन रडवेला झालेला पेशंट समोर आला की आधी रिपोर्ट उलटा ठेवायचा. न दुखणारा, न अडकणारा आवाज असेल तर त्याला उपचार लागत नाहीत.

पहिले दोन-तीन आठवडे घरच्या सवयींचे. आमच्या अनुभवात खरा गुण इथेच येतो, आणि पेशंटला हेच सर्वात फुसकं वाटतं. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर: ही जबड्याची विश्रांती. ‘न’ म्हणताना जिभेचं टोक जिथे टेकतं तिथेच ते राहू द्यायचं. वर-खालच्या दाढांमध्ये दोन-चार मिलिमीटर मोकळी जागा हवी. दिवसातून किती वेळा दात एकमेकांवर दाबून धरलेले असतात हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून मोबाइलच्या मागे, फ्रिजवर, गाडीच्या आरशाशेजारी एकेक लाल टिकली चिकटवायची. टिकली दिसली की दात सुटे करायचे. आठवड्याने डोळ्याला तिची सवय होते, तेव्हा जागा बदलायच्या.

जांभई येताच हनुवटी छातीकडे न्यायची, जीभ टाळूला चिकटवायची, मूठ हनुवटीखाली लावायची. जीभ टाळूवर असेल तर तोंड पुरेसं उघडूनही टोक उंचवट्यापलीकडे जात नाही. दहा जांभयांतल्या दोन निसटतातच, कारण झोपेतून उठताना भान नसतं.

खाण्यात पाणीपुरीचं दुःख सगळ्यांना. ती एका घासात तोंडात कोंबायचा पदार्थ, आणि नेमकं तेच टाळायचं आहे. लहान पुऱ्या मागवा, नाहीतर शेवपुरी खा. वडापाव दाबून चार तुकडे करायचे. कणसाचे दाणे सोलून किंवा सुरीने काढून, पेरू-सफरचंद पातळ फोडी करून, उसाच्या कांड्यापेक्षा रस. बाजरीची भाकरी आमटीत कुस्करून. चिक्की, कडक चकली, च्युइंगम बंद. संक्रांतीला तिळगुळाचा मऊ लाडू चालतो, तोही बोटांनी फोडून. नुसत्या पेज-सूपवर महिनोन्‌महिने राहू नये. स्नायू आणखी अशक्त होतात आणि सांध्याचा उरलासुरला आधारही जातो. तीन आठवड्यांनी मऊ पोळी-भात, दोन्ही बाजूंनी चावून, सुरू झालाच पाहिजे.

योगवर्गातलं सिंहासन या काळात वर्ज्य. जीभ बाहेर काढून पूर्ण आ वासणं म्हणजे जे थांबवायचं त्याचीच तालीम. भ्रामरी खुशाल करावी, ओठ मिटून आणि दात सुटे ठेवून. ते विश्रांतीच्या स्थितीलाच धरून आहे. गाणाऱ्यांनी ‘आ’कार लावणं बंद करायचं नाही, फक्त तोंड तीन बोटांच्या आत ठेवायचं. आणि सलूनमध्ये दाढी झाल्यावर न्हाव्याकडून मान ‘कटकट’ मोडून घेणं कायमचं बंद. सैल मानेला तो झटका धोक्याचा आहे, मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. फिजिओथेरपिस्टनेही अशा मानेला झटक्याचे उपचार करू नयेत. पोटावर झोपणं, गालाखाली हात घेऊन झोपणं, फोन खांद्यात धरणं हे सगळं याच यादीतलं.

व्यायाम दुसऱ्या आठवड्यात सुरू होतात. चिलीचे फिजिओथेरपिस्ट मारियानो रोकाबादो यांची ‘सहा गुणिले सहा’ पद्धत जगभर वापरतात: सहा व्यायाम, प्रत्येक सहा वेळा, दिवसातून सहा वेळा. जीभ टाळूला, जीभ टाळूला ठेवूनच उघडझाप, हलक्या दाबाविरुद्ध जबडा स्थिर ठेवणं, मग मान, मानेचा वरचा भाग आणि खांदे. सैल माणसाला यातलं दुसरं आणि तिसरं खरं लागतं.

उघडझापीसाठी आरसा, टिकली आणि रेघ पुन्हा घ्यायची. तर्जन्या दोन्ही सांध्यांवर. जीभ टाळूला ठेवून हळू उघडायचं. बोटाखालचं हाड फिरलं पाहिजे, पुढे उसळता कामा नये. उसळलं की तिथेच थांबून मागे यायचं, आणि उसळण्याआधीचा जो बिंदू तीच त्या आठवड्याची हद्द. हे साधं वाटतं, पण सैल सांध्यांच्या माणसांना सांधा कुठे आहे याचं भान डोळे मिटून कमी असतं; आरसा काढला की हनुवटी लगेच भरकटते. म्हणून तीन आठवडे आरशात, नंतर बोटांच्या स्पर्शावर, आणि शेवटी बोटांशिवाय. ही पायरी गाळून घाई करणारेच तिसऱ्या महिन्यात परत येतात.

दाबाच्या व्यायामात दोन बोटं हनुवटीखाली, मग डाव्या बाजूला, मग उजव्या बाजूला. दात सुटे, बोटांनी ढकलायचं, जबड्याने हलायचं नाही, पाच-सहा सेकंद. दाब किती? चिकू पिकलाय का बघायला दाबतो तेवढा. लोक नारळ फोडायच्या जोरात ढकलतात, श्वास रोखतात, मान पुढे काढतात आणि दुसऱ्या दिवशी “व्यायामानंच दुखलं” म्हणून सोडून देतात. दुसऱ्या सकाळपर्यंत दुखणं टिकलं तर दाब निम्मा करायचा, व्यायाम बंद करायचा नाही. लाकडी चमचे किंवा आइसक्रीमच्या काड्या एकावर एक रचून तोंड उघडायचा व्यायाम तोंड न उघडणाऱ्यांचा आहे. एकाच वेटिंग रूममध्ये दोन्ही प्रकारचे पेशंट बसले की एकमेकांचे व्यायाम उचलतात, म्हणून हे दरवेळी सांगावं लागतं.

दिवसातून सहा वेळा कुणी करत नाही. चहा, आंघोळ, लिफ्ट, जेवण यांना बांधून दिले तर चार वेळा होतात, आणि चार पुरतात.

रात्री दात खात असतील किंवा सकाळी उठल्याबरोबर गाल जड असतील, तरच प्लेट, म्हणजे दातांवर बसणारा कडक ॲक्रिलिकचा साचा. सैल जबड्याची प्लेट करताना नेहमीची प्रत्येक पायरी थोडी वाकवून घ्यावी लागते.

दातांचं माप घेताना मापाचा मसाला भरलेला ट्रे आडवा करून एका कोपऱ्यातून आत न्यायचा आणि मग फिरवायचा. तोंड जेमतेम तेवढंच उघडं. खालच्या मापाच्या वेळी ट्रे बसला की तोंड जवळजवळ मिटायला सांगायचं. याला निखळण्याखेरीज आणखी एक कारण आहे: मोठा आ केला की खालचा जबडा स्नायूंच्या ओढीने आतल्या बाजूला किंचित वाकतो, आणि त्या अवस्थेत घेतलेलं माप अरुंद येतं. मग प्लेट घट्ट का बसते हे लॅबवाल्याला विचारून उपयोग नाही. मापासाठी तोंडात फिरवायचा स्कॅनर वापरत असाल तर लहान मुलांचं टोक लावा, एक-एक बाजू करा आणि मध्ये मध्ये तोंड मिटू द्या.

चाव्याची नोंद, म्हणजे वरचा-खालचा जबडा एकमेकांवर कुठे बसतो त्याचा ठसा, ही सर्वात अवघड पायरी. “मागे घेऊन चावा” म्हटलं की सैल माणूस दरवेळी वेगळ्या जागी चावतो. हनुवटी मागे ढकलून बसवायचा मोह आवरायचा. मागे रक्तवाहिन्या आणि नसांनी भरलेली मऊ ऊती आहे, ती चिमटली की दोन दिवस ठणकते. पेशंटला सरळ बसवायचं, झोपवायचं नाही, कारण झोपलं की जबडा मागे पडतो. पुढच्या दातांमध्ये पातळ पट्ट्यांचा गठ्ठा किंवा कापसाचा बोळा पाच-दहा मिनिटं ठेवायचा म्हणजे स्नायू जुनी सवय विसरतो. मग नोंद तीनदा घ्यायची आणि तिन्ही एकमेकींशी जुळवून बघायच्या. जुळल्या नाहीत तर त्या दिवशी प्लेट करायची नाही. दोन आठवडे व्यायाम, आणि पुन्हा.

दाढांपाशी साधारण २ मिलिमीटर जाडी पुरते. जाड प्लेटने तोंड रात्रभर जास्त उघडं राहतं आणि सैल सांध्याला ते नको. सगळे दात झाकणारीच हवी. अर्धी प्लेट घातली की न झाकलेले दात बाहेर येऊ लागतात. जबडा पुढे ओढून धरणारी प्लेट सैल माणसाला आम्ही देत नाही. त्याचा जबडा त्या नव्या जागेला लगेच भुलतो आणि महिनोन्‌महिने घातल्यावर मागच्या दाढा टेकेनाशा होतात. मऊ रबरी प्लेट स्वस्त आणि सुखाची वाटते, पण काही जण ती चघळत बसतात.

बसवताना निळ्या कागदाने सरळ चावा, लाल कागदाने बाजूच्या हालचाली. दोन्ही बाजूंच्या दाढांचे ठिपके सारखे गडद, पुढच्या दातांचे फिके. एका बाजूला एकच गडद ठिपका उरला तर रात्रभर जबडा त्या बाजूला कलतो. आठवड्याने, तीन आणि सहा आठवड्यांनी परत घासावी लागते, कारण स्नायू सैलावले की चावा बदलतो. पहिल्या दिवशी परिपूर्ण बसलेली प्लेट तिसऱ्या आठवड्यात चुकीची असणं हे चांगलं लक्षण. फक्त रात्री घालायची. सकाळी काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं दात नीट जुळत नाहीत असं वाटतं, ते चालतं. दुपारपर्यंत वाटत राहिलं तर प्लेट थांबवून यायचं. गार पाण्याने, साबण आणि मऊ ब्रशने धुवायची. टूथपेस्टने चरे पडतात, गरम पाण्याने वाकते. आणि डबीतच ठेवायची. घरात कुत्रा असेल तर तो प्लेट हमखास शोधतो.

एवढं करूनही एखाद्या रात्री जबडा बाहेर जाऊ शकतो. तोंड उघडं, मिटत नाही, लाळ गळते, बोलता येत नाही, कानापुढे खळगा दिसतो. घरच्यांनी ओढाताण करू नये आणि कुणी हनुवटीला ठोसा मारून बसवायला जाऊ नये. पेशंटला बसवायचं, हनुवटी छातीकडे, गालाचे स्नायू हलके चोळायचे, हळू श्वास. ज्यांना आधी होऊन आपोआप बसलेला आहे त्यांचा काही मिनिटांत बसतो. नाही बसला तर दवाखाना, आणि उशीर नको, कारण स्नायू जसजसे आवळतात तसं बसवणं अवघड होतं. काही खायला-प्यायला देऊ नये. भूल लागू शकते.

बसवायची रीत जुनीच आहे: पेशंट खाली बसलेला, डोकं मागे टेकवलेलं, डॉक्टरच्या अंगठ्यांना गॉझ गुंडाळलेलं, अंगठे खालच्या दाढांवर किंवा त्यांच्या बाहेरच्या हाडावर. आधी खाली दाब, मग मागे. बहुतेक जण मागेच ढकलतात आणि हाड उंचवट्यावर आदळत राहतं. गॉझ विसरलं तर जबडा बसताच दात अंगठ्यावर मिटतात. बसल्यावर दोन-तीन आठवडे दोन बोटांपलीकडे उघडणं नाही, जांभईला मूठ. उलटी थांबवायचं मेटोक्लोप्रमाइड किंवा मानसिक आजारांवरची काही औषधं जबड्याच्या स्नायूंना अचानक पिळवटून असं घडवू शकतात, त्यामुळे आदल्या दिवशी कोणतं इंजेक्शन घेतलं हे नक्की सांगावं.

पुन्हा पुन्हा बाहेर येत राहिला तर पुढचे मार्ग आहेत: सांध्यात स्वतःचं रक्त किंवा डेक्स्ट्रोज साखरेचं घट्ट द्रावण टोचणं, स्नायूत तो ढिला करणारं बोटॉक्स, आणि शेवटी उंचवटा घासून काढणारी शस्त्रक्रिया. सैल ऊतींच्या माणसात जखम भरायला वेळ लागतो आणि व्रण ताणला जातो, म्हणून शस्त्रक्रियेआधी सहा महिने वरचं सगळं मनापासून झालंय का, हे आम्ही वही उघडून बघतो. त्या वहीत उघडण्याचा आकडा कमी झालाय का हे बघत नाही. तो ५६ चा ५५ झाला तरी पुरे. महिन्यात किती वेळा अडकला, तेवढा रकाना बघायचा.

उपचार संपताना पेशंटच्या हातात एक चिठ्ठी देतो, पुढच्या कोणत्याही डेंटिस्टसाठी आणि भूलतज्ज्ञासाठी. तिच्यातला मजकूर असा: जबडा सैल आहे, बेशुद्ध असताना पुढे ओढताना निखळू शकतो, शुद्धीवर आणण्याआधी दात जुळतात का बघावे. मानेला झटका नको. दातांचं काम वीस-तीस मिनिटांच्या बैठकांत, लहान मुलांचा रबरी ठोकळा दाढांमध्ये ठेवून, खालच्या दाढेवर जोर लावताना दुसऱ्या हाताने हनुवटीखाली आधार देऊन. दात सुन्न करायच्या इंजेक्शनचा परिणाम कमी होतो किंवा लवकर उतरतो असं या पेशंटनी सांगितलं तर विश्वास ठेवावा आणि थांबून, तपासून मगच ड्रिल लावावं. चिठ्ठीची एक प्रत घरी ठेवावी आणि तिचा फोटो मोबाइलमध्ये, कारण जबडा बाहेर गेलेल्या माणसाला हे तोंडाने सांगता येत नाही.